बाबांना एएफ निघालंय आणि हॉस्पिटलवाले ट्रायलमध्ये घेऊ का विचारतायत, काय करावं? (सविस्तर उत्तर)

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, बाबा ६६ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही गोळ्यांवर. तीन महिन्यांपूर्वी जिना चढताना धडधड आणि दम लागला, ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ (हार्टच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं) निघालं, टू-डी इको बऱ्यापैकी नॉर्मल. गोळ्या सुरू केल्यावर ठोके ताळ्यावर आले आणि आता तुम्ही घेऊन दिलेल्या घड्याळात सगळं नॉर्मल दिसतंय. त्यात हॉस्पिटलने विचारलं की एका ट्रायलमध्ये भाग घ्याल का, अर्ध्या लोकांचं लवकर अ‍ॅब्लेशन (तारा घालून हार्टमधला चुकीचा करंट तोडणं, खाली सविस्तर सांगते) करणार, अर्ध्यांना गोळ्यांवर ठेवणार, कोण कुठे जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. काका म्हणतायत दादाला उंदीर बनवतील, आई म्हणतेय ठोके नॉर्मल झालेत तर रक्त पातळ करायची गोळी तरी कशाला, आणि तुम्ही मधल्यामध्ये अडकलात.

मी ठाण्यात कार्डिओलॉजिस्ट आहे, त्यातही ठोक्यांचं म्हणजे ईपीचं काम बघते, आणि ट्रायलमध्ये पेशंट घेणाऱ्या टीममध्ये बरीच वर्षं आहे. त्यामुळे माझा कल ट्रायलच्या बाजूने थोडा असणार हे धरूनच पुढचं वाचा. बाबांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, ट्रायलचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, एएफ येऊन जाऊन आहे की एकदा सुरू झालं ते गोळ्यांनीच थांबलं हेही कळत नाही, आणि या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलू शकतं. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे ठोके नीट दिसले की माणूस नीट झाला असं आपण सगळेच धरून चालतो. आमच्या शाखेतलं गेल्या पस्तीस वर्षांचं रिसर्च या एका समजुतीला तपासण्यातच गेलंय असं म्हटलं तरी चालेल.

आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो सगळ्यात घाईचा आहे. गोळी बंद करू नका.

एएफमध्ये हार्टचे वरचे कप्पे धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात, डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. तो धोका किती, हे ठरवायला आम्ही एक स्कोअर लावतो. ६५ ते ७४ वयाला एक पॉइंट, बीपीला एक, डायबेटिसला एक. बाबांचे तिथेच तीन झाले. इतक्या स्कोअरला जगभरातल्या गाइडलाइन्स रक्त पातळ करायची गोळी द्या असंच सांगतात, आणि ती कशावरून द्यायची तर वय-बीपी-शुगर यावरून, आज ईसीजी कसा दिसतोय यावरून नाही. २००२ साली अफर्म नावाची ट्रायल छापून आली, त्यात ४०६० एएफचे पेशंट होते, अर्ध्यांचा ठोका नियमित करायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यांचा नुसता वेग आटोक्यात ठेवला. त्यात लकवा झालेले बहुतेक जण कोण होते माहितीये, ज्यांनी वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी थांबवली होती किंवा ज्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, कमी पडत होता ते, आणि हे दोन्ही गटांत तसंच होतं. ठोका नियमित झाला, आता कशाला गोळी, असं म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनीसुद्धा गोळ्या थांबवल्या होत्या. आईंचा विचार वेडा नाहीये, भल्याभल्यांना तसंच वाटलं होतं.

आणि एक, गोळी कोणती चालू आहे ते डबी काढून नाव वाचून बघा. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिनलाही 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या एएफच्या पेशंटमध्ये नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर असलेले अजूनही भेटतात. २०११ च्या अ‍ॅव्हेरोझ ट्रायलमध्ये ज्यांना वॉरफरिन जमत नव्हतं अशा ५५९९ लोकांना नव्या जातीची गोळी अ‍ॅपिक्साबॅन किंवा अ‍ॅस्पिरिन दिलं, तर लकवा वगैरेचं प्रमाण वर्षाला ३.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. ट्रायल वेळेआधीच थांबवावी लागली इतका फरक दिसला. अ‍ॅपिक्साबॅनच्या जेनेरिक गोळ्या आल्यापासून खर्चही पूर्वीसारखा राहिलेला नाही. फक्त या नव्या गोळ्यांचा असर जेमतेम दिवसभर टिकतो, त्यामुळे डोस चुकवायला वाव नाही. गणपतीला कोकणात गेलो आणि गोळ्या संपल्या, गावात मिळाल्या नाहीत, आल्यावर सुरू करू म्हटलं, हे मी दर भाद्रपदात ऐकते. बॅगेत आठ दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, आणि उपासाच्या दिवशीही ही गोळी सुटत नाही.

ज्यांच्या घरी रुमॅटिकमुळे झडप अरुंद झालेला पेशंट आहे त्यांनी मात्र वरचं वाचून गोळी बदलायला जाऊ नका. २०२२ च्या इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये, ज्यात आपल्या देशातलेही पेशंट होते, अशा लोकांमध्ये जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळी नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली, मृत्यूसुद्धा कमी झाले. सुरू करण्याआधी जवळजवळ सगळ्यांनाच वाटत होतं की नवी गोळी निदान बरोबरीची तरी ठरेल. तुमच्या बाबांच्या इकोमध्ये झडप ठीक आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तरी 'मायट्रल स्टेनोसिस (म्हणजे झडप अरुंद होणं) नाही ना' एवढं एकदा स्पष्ट विचारून घ्या.

आता घड्याळाचं. घड्याळ हातावरची नाडी अधूनमधून बघतं, सलग नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते, त्यातल्या ०.५२ टक्क्यांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली, आणि पुढे ज्यांनी छातीवर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला त्यातल्या ३४ टक्क्यांनाच पॅचवर एएफ सापडलं. याचा अर्थ बाकीच्यांच्या घड्याळाने चूकच केली असा नाही, पॅच काही दिवसांनी लागला आणि तोवर एएफ येऊन निघून गेलेलंही असू शकतं. असलं हे येऊन जाऊन असलेलं दुखणं आहे. होल्टर म्हणजे दिवसभर अंगाला लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र, त्याचं उदाहरण सांगते. उपवनला रोज सकाळी चालणारे एक काका आहेत, त्यांच्या डायरीत लिहिलेलं, सकाळी अकरा, खूप धडधड, घाबरायला झालं. त्या वेळची ईसीजीची पट्टी काढली तर ठोका एकदम नियमित, वेग नव्वदच्या आसपास, काहीही नाही. आणि पहाटे तीनच्या सुमाराला, गाढ झोपेत, पाऊण तासाचं सलग एएफ, तिथे डायरीचा रकाना कोरा. ते मानायलाच तयार नव्हते की ही पट्टी त्यांचीच आहे, शेवटी वरती छापलेली तारीख आणि नाव दाखवलं. त्यामुळे धडधड नाही म्हणजे एएफ नाही असं होत नाही, आणि घड्याळात नॉर्मल आहे म्हणजे गोळी थांबवायला हरकत नाही असं तर मुळीच नाही.

काका जे उंदराचं म्हणतायत त्याकडे येते, पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगावीच लागेल, कारण ट्रायल कशाला लागतात हे मी नातेवाइकांना समजावते तेव्हा हीच सांगते. १९८० च्या दशकात सगळ्यांना माहीत होतं की हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या ईसीजीत मधेमधे जादा ठोके जास्त पडत असतील तर तो दगावायची शक्यता जास्त. आणि ते जादा ठोके दाबणारी औषधं उपलब्ध होती, फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड. मग सरळ आहे की, ठोके दाबा, माणूस वाचेल. डॉक्टर देतही होते. कास्ट नावाच्या ट्रायलने हे नीट तपासायचं ठरवलं, आणि बघा, त्यात घेतले कोण तर ज्यांचे जादा ठोके या औषधांनी खरोखर कमी होतायत हे आधी तपासून झालंय तेच. म्हणजे औषध काम करतंय याची खात्री झालेले. मग अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. १९८९ मध्ये ती मधेच थांबवली. १९९१ ला सविस्तर आकडे छापले, औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती.

हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. त्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता, तर्क बिनचूक होता, समोर दिसणारी पट्टी सुधारलेली होती, आणि एकेका पेशंटकडे बघून कुणालाही हे कळलं नसतं, कारण हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस दगावला तर सगळे म्हणणार हार्टच कमजोर होतं. अर्ध्या लोकांना औषध न देता त्यांची तितकीच काळजी घेतली म्हणूनच फरक दिसला. फ्लेकेनाइड आजही आम्ही एएफला देतो आणि चांगलं औषध आहे, पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला किंवा हार्ट कमजोर असलेल्याला देत नाही, आणि बाबांसारखा शुगरचा पेशंट असेल तर आधी ब्लॉकेज नाहीत ना हे बघून घेतो. ही काळजी कास्टमधून आली. तेव्हा काकांना सांगा, ट्रायल नव्हती तेव्हाही प्रयोगच चालला होता, फक्त त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं.

आता मूळ मुद्दा, अ‍ॅब्लेशन की गोळ्या. इथे उत्तर काळानुसार बदलत गेलंय ते क्रमाने सांगते.

वर जी अफर्म सांगितली तिच्यात ठोका नियमित करण्याने आयुष्य वाढलं नाही. त्यामुळे पुढची बरीच वर्षं आम्ही म्हातारबाबांना सांगत आलो की वेग आटोक्यात ठेवा, रक्त पातळ ठेवा, बास. पण त्या ट्रायलमध्ये ठोका नियमित करायला औषधंच होती, त्यातही अमिओडॅरोन भरपूर, ज्याचे थायरॉइड आणि फुप्फुसावरचे त्रास वेगळेच. मग २०२० ला युरोपातली ईस्ट नावाची ट्रायल आली, २७८९ पेशंट, अट अशी की एएफ सापडून एक वर्षाच्या आतलेच घ्यायचे. यात लवकर ठोका नियमित केलेल्यांचा फायदा झाला. किती, तर हार्टमुळे मृत्यू, लकवा, हार्ट फेल्युअर किंवा हार्टच्या ब्लॉकेजसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागणं हे सगळं मिळून दर १०० माणसांमागे वर्षाला ५ ऐवजी ३.९. फरक खरा आहे, पण डोंगराएवढा नाही, हे पण ऐकून घ्या. आणि त्यात बहुतेकांना औषधंच होती, दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकाचंच अ‍ॅब्लेशन झालेलं. त्यामुळे 'लवकर' हा शब्द ईस्टमुळे पक्का झाला, 'लवकर अ‍ॅब्लेशन' अजून तितका पक्का नाही. तुमच्या बाबांना तीन महिनेच झालेत, म्हणजे ते या लवकरच्या खिडकीत बसतात, आणि म्हणूनच बहुधा हॉस्पिटलने त्यांना विचारलं असावं.

अ‍ॅब्लेशन म्हणजे काय तर जांघेतल्या शिरेतून तारा हार्टमध्ये नेतात, मधल्या पडद्याला छोटं छिद्र करून डाव्या वरच्या कप्प्यात जातात आणि फुप्फुसातून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाभोवती गोल जाळून किंवा गोठवून तिथला करंट तोडतात. शिराच का, तर १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या टीमने दाखवलं की एएफ सुरू करणारे ठोके बहुतांश या शिरांच्या आतूनच सुटतात. आता विजेच्या अगदी छोट्या झटक्यांनी करायचं पल्स्ड फील्ड तंत्रही आलंय, २०२३ च्या अ‍ॅडव्हेंट ट्रायलमध्ये ते जुन्या पद्धतींच्या तोडीचं ठरलं.

'याने कायमचं बरं होतं का' याचं प्रामाणिक उत्तर, अनेकांचं खूप कमी होतं, सगळ्यांचं जात नाही. अर्ली-एएफ म्हणून एक ट्रायल होती, ३०३ पेशंट, पहिला उपचार म्हणूनच गोठवून अ‍ॅब्लेशन विरुद्ध गोळ्या, आणि सगळ्यांच्या छातीच्या कातडीखाली सतत नोंद करणारं छोटं यंत्र बसवलेलं. वर्षभरात परत एएफ आलं ते अ‍ॅब्लेशनवाल्यांत ४२.९ टक्के आणि गोळ्यांवाल्यांत ६७.८ टक्के. हे ऐकून लोक दचकतात, अहो म्हणजे ऑपरेशन करूनही चाळीस टक्क्यांना परत? पण तिथे परत आलं कशाला म्हणायचं तर ३० सेकंद टिकलं तरी परत आलं. कुणाला वर्षातून एकदा अर्धा मिनिट आलं, कुणाला आठवड्यातून दोनदा सहा तास येतं, दोघे एकाच रकान्यात. म्हणून डॉक्टरांना 'सक्सेस रेट किती' विचारण्यापेक्षा 'त्रास आणि एएफचा एकूण वेळ किती कमी होईल' हे विचारा, त्यात अ‍ॅब्लेशन जास्त चांगलं दिसतं.

मग अ‍ॅब्लेशनने आयुष्य वाढतं का? २०१९ च्या कबाना ट्रायलमध्ये २२०४ लोक होते, मृत्यू, अपंग करणारा लकवा, मोठा रक्तस्राव, हार्ट बंद पडणं हे सगळं मिळून अ‍ॅब्लेशन गटात ८ टक्के आणि औषधाच्या गटात ९.२ टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. त्रास मात्र अ‍ॅब्लेशनवाल्यांचा जास्त कमी झाला. त्यात एक गोम अशी की औषधाच्या गटातल्या २७.५ टक्के लोकांनी पुढे जाऊन अ‍ॅब्लेशन करूनच घेतलं, मग तुलना पातळ झाली, त्यावरून आमच्या कॉन्फरन्समध्ये अजून वाद होतात. हार्ट कमजोर असलेल्यांची गोष्ट वेगळी, २०१८ च्या कॅसल-एएफमध्ये पंपिंग (हार्ट एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३५ टक्के किंवा कमी असलेल्या ३६३ लोकांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं ४४.६ वरून २८.५ टक्क्यांवर आलं. बाबांचं पंपिंग नॉर्मल असेल तर हा आकडा त्यांना लावायचा नाही, कुणी लावून दाखवला तर जरा थांबून विचारा.

अजून एक शंका मलाच बरीच वर्षं सतावत होती, की एवढी मोठी प्रोसिजर केली की माणसाला त्यानेच बरं वाटत असेल का. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या १२६ पेशंटवर याचाही छडा लावला, अर्ध्यांचं खरं अ‍ॅब्लेशन आणि अर्ध्यांचं फक्त नाटक, म्हणजे झोपेचं औषध, जांघेत तार, सगळं तसंच, पण हार्टमध्ये काही जाळलं-गोठवलं नाही. सहा महिन्यांनी एएफचा वेळ खऱ्या गटात साधारण ६० टक्क्यांनी कमी आणि नाटकाच्या गटात ३५ टक्क्यांनी, आणि रोजच्या जगण्यातला त्रासही खऱ्या गटात स्पष्ट जास्त कमी झाला. तेव्हा फायदा खरा आहे. पण काहीच न करता ३५ टक्के कमी होतं हेही खरं, आणि एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून, मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा असो की माझ्या ओपीडीतला, काही का सिद्ध होत नाही ते यावरून कळेल.

धोके लपवू नयेत. जांघेत रक्त साकळणं हे सगळ्यात जास्त दिसतं. हार्टभोवती रक्त जमणं साधारण शंभरात एखादा, ते लगेच ओळखून सुईने काढता येतं पण टीम तयार लागते. लकवा त्याहून कमी. अन्ननलिकेला इजा फार क्वचित पण जीवघेणी, म्हणून जाळून केलेल्या अ‍ॅब्लेशननंतर काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं, गिळताना दुखणं असं झालं तर गल्लीतल्या डॉक्टरकडे न जाता ज्यांनी केलं त्यांनाच फोन करायचा. आणि पहिले दोन-तीन महिने ठोके इकडेतिकडे झाले तरी ते धरत नाहीत, जखम भरतेय तोवर असं होतं, घाबरायचं नाही.

आता ट्रायलकडे. वरचं सगळं वाचल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की नॉर्मल पंपिंगच्या, नुकतंच एएफ निघालेल्या ६६ वर्षांच्या माणसात लवकर अ‍ॅब्लेशन करावं की आधी गोळ्या द्याव्यात, यात लकवा आणि आयुष्य यांच्या बाबतीत खरोखरच अजून ठाम उत्तर नाही. असं असताना कॉम्प्युटरने गट ठरवला तर त्यात बाबांवर अन्याय नाही, कारण दोन्ही बाजूला आज जगभर वापरात असलेले उपचारच आहेत. हे त्या ट्रायलपुरतं, जर ती तुम्ही वर्णन केलीये तशीच असेल तर. नवीन औषध किंवा नवीन यंत्र असेल तर माझं उत्तर इतकं मोकळं नसेल, तिथे आधीच्या टप्प्यात किती माणसांवर झालं आणि काय दिसलं हे विचारावंच लागेल.

पण एक अट आहे. गट कोणताही आला तरी बाबांना तो मनापासून चालणार आहे का? त्रास इतका असेल की काहीही करून अ‍ॅब्लेशनच हवं, तर ट्रायलमध्ये जाऊ नका, सरळ करून घ्या. उलट प्रोसिजरची धास्तीच असेल आणि कॉम्प्युटरने अ‍ॅब्लेशन दिल्यावर पळ काढणार असाल तरी जाऊ नका. कबानाचं काय झालं ते वर सांगितलंच. दोन्ही चालेल असं बाबा स्वतः म्हणाले, तुम्ही किंवा काका नाही, तरच पुढे.

आणि संमतीपत्र. हा घाईत ओपीडीच्या दारात सही करायचा कागद नाही. माझ्या अनुभवात चांगली साईट (म्हणजे ट्रायल चालवणारं हॉस्पिटल) ती, जिथे ट्रायलची कोऑर्डिनेटर मराठी प्रत हातात देऊन 'घरी न्या, दोन दिवसांनी या' म्हणते. कळव्याच्या एक आजी होत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून आमच्या कोऑर्डिनेटरने पानन् पान वाचून दाखवलं. सातव्या की आठव्या पानावर 'सहभागी कधीही बाहेर पडू शकतो, त्याच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही' हे आल्यावर त्यांनी तिला थांबवलं, परत वाच म्हणाल्या, मग विचारलं, म्हणजे मी नाही म्हटलं तरी ह्याच डॉक्टरीणबाई बघणार ना मला? हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आल्या आणि अंगठा उठवला. कुठल्याही शिकलेल्या माणसाने विचारला नसेल इतका नेमका प्रश्न होता तो. तुम्हीही विचारा.

बाकी विचारायचं ते असं. सीटीआरआय नंबर मागा, ही भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे, वेबसाईटवर कुणालाही फुकट शोधता येते, तिथे ट्रायल काय तपासणार, किती लोक घेणार, कुठल्या हॉस्पिटलांत, पैसे कुणाचे, हे सगळं दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि तिचा फोन नंबर संमतीपत्रावर आहे का ते बघा, त्या कमिटीत डॉक्टर सोडून वकील आणि सामान्य माणूसही असतो, तक्रार असली तर तिथे थेट फोन करता येतो. अ‍ॅब्लेशनचा खर्च कोण करणार हे लेखी घ्या, कारण 'ट्रायल म्हणजे सगळं फुकट' हे नेहमी खरं नसतं, काही ट्रायल्समध्ये नेहमीच्या उपचाराचा खर्च पेशंटचाच असतो, मग मेडिक्लेमवाल्यांनाही आधी विचारावं लागतं. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि नुकसानभरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. नव्या औषधांच्या ट्रायल्ससाठी २०१९ च्या नियमांत ते स्पष्ट बांधलेलं आहे. गोळ्यांच्या गटात गेले आणि त्रास थांबलाच नाही तर अ‍ॅब्लेशन करता येईल का आणि कधी, हेही. आणि फेऱ्या किती. हॉस्पिटल घोडबंदरला असेल तर कोपरखैरण्याहून ठाण्यापर्यंत लोकल सरळ आहे पण पुढच्या ट्रॅफिकमध्ये ६६ वर्षांचा माणूस दर महिन्याला किती वेळा जाणार याचा विचार आत्ताच करा, कारण मधेच फॉलोअप सुटलेला पेशंट म्हणजे त्या ट्रायलचं उत्तर तेवढं अर्धवट राहतं.

एक अवघड प्रश्नही विचारा, उपचार करणारे डॉक्टर आणि ट्रायल चालवणारे डॉक्टर एकच आहेत का. बऱ्याचदा असतात, मी स्वतःही असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण अशा वेळी दुसऱ्या एखाद्या कार्डिओलॉजिस्टला फाईल दाखवून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याने नाराज होत नाही.

ट्रायलमध्ये जा किंवा न जा, काही गोष्टी आजपासून चालू करता येतात आणि त्या कुणी नीट सांगत नाही कारण त्यात प्रोसिजर नाही. बाबांचं वजन जास्त असेल तर कमी करा, अ‍ॅडलेडच्या एका अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना औषध किंवा अ‍ॅब्लेशनशिवाय एएफ आलं नाही. ती ट्रायल नव्हती, नुसता पाठपुरावा होता, तरी मी प्रत्येकाला सांगते. दारू घेत असतील तर थांबवा, २०२० च्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये नेहमी पिणाऱ्या १४० जणांपैकी ज्यांना सोडायला सांगितलं त्यांच्यात एएफ ५३ टक्क्यांना परत आलं, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना. आणि आईंना विचारा बाबा जोरात घोरतात का, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का. तसं असेल तर स्लीप स्टडी (रात्री झोपेतल्या श्वासाची तपासणी) करून घ्या, अ‍ॅब्लेशनच्या आधी.

रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल एक भर, कारण कुणीतरी खाली लिहीलच. २०२५ ला कोरियातून अलोन-एएफ ट्रायल आली, अ‍ॅब्लेशननंतर निदान वर्षभर एएफ न आलेल्या ८४० लोकांत गोळी थांबवलेल्यांचं एकूण बरंच झालं, रक्तस्राव कमी झाला. म्हणजे पुढेमागे काहींची गोळी सुटू शकेल. पण बाबांचं अजून अ‍ॅब्लेशनच झालेलं नाही, त्यामुळे आज हा विषय त्यांना लागू नाही.

मधेच चक्कर येऊन पडले, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा आणि ट्रायल, अपॉइंटमेंट सगळं सोडून सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला लगेच न्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे व शेवटची किती वाजता घेतली हे दारातच सांगा. बाकी ट्रायलचा सीटीआरआय नंबर मिळाला की इथे टाका, आणि संमतीपत्रातलं खर्चाचं आणि नुकसानभरपाईचं पान, नाव-पत्ता झाकून. वाचून सांगते.